कर्ता कोण? : जॉर्जटाउन प्रकल्पाच्या नोंदी

१४ जानेवारी २०२४, रविवार

अमेरिकेतल्या आमच्या मराठी शाळेच्या मोठ्या वर्गाचा यंदाचा प्रकल्प आज ठरला. मुलं नऊ, आठवी ते अकरावीतली. मी किल्ल्यांचा विषय डोक्यात धरून गेले होते. पण दहावीतल्या एका मुलीने वेगळंच काढलं. मोठ्या भावाबरोबर ती वॉशिंग्टनला जॉर्जटाउन विद्यापीठ बघायला गेली होती. तिथे 'आयझॅक हॉकिन्स हॉल' नावाची इमारत आहे. फिरवून दाखवणाऱ्या विद्यार्थ्याने दोन वाक्यांत सांगितलं, की हे विद्यापीठाने विकलेल्या गुलामांपैकी एक. आणि पुढे वाचनालय दाखवायला नेलं. "मावशी, विकलेले म्हणजे? कॉलेज माणसं विकतं?" हा प्रश्न ती तीन महिने मनात घेऊन हिंडत होती.

मग ठरलं. जूनमध्ये वर्षअखेरच्या कार्यक्रमात बारा फलकांचं प्रदर्शन. सगळं मराठीत आणि ठसठशीत अक्षरात, कारण उन्हाळ्यात भारतातून आजी-आजोबा आलेले असतात आणि आमचे खरे वाचक तेच.

२८ जानेवारी

विद्यापीठाने गुलामगिरीची आपली कागदपत्रं लोकांसाठी ऑनलाइन खुली केली आहेत. आज मूळ करार पडद्यावर लावून वाचला. तारीख १९ जून १८३८. विकणारे थॉमस मलेडी, मेरीलँडच्या येशूसंघीयांचे, म्हणजे जेझुइट धर्मगुरूंचे, प्रांतप्रमुख. त्याआधी तेच कॉलेजचे अध्यक्ष होते. घेणारे दोघे लुईझियानाचे, हेन्री जॉन्सन आणि जेसी बेटी. जॉन्सन त्या राज्याचा माजी गव्हर्नर.

पुढे यादी. मी सांगितलं, की एकेकाने एकेक ओळ मोठ्याने वाचायची. आयझॅक, वय ६५. चार्ल्स, त्याचा थोरला मुलगा, ४०. नेली, त्याची मुलगी, ३८. हेनी, १३. सिसिलिया, ८. रूथी, ६. हेनीच्या ओळीपाशी आठवीतला मुलगा थांबला. तो स्वतः तेरा वर्षांचा आहे. पुढची ओळ शेजारच्या मुलीने वाचली.

किंमत १,१५,००० डॉलर, माणसं २७२. एकाने मोबाईलवर भागाकार केला आणि म्हणाला, "चारशे तेवीस." कोणी काही बोललं नाही. विकलेल्यांत दोन महिन्यांचं बाळही होतं. त्याचे किती धरले असतील, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, हा प्रश्न फलकावर असाच लिहू.

करारातला आकडा २७२. पुढे संशोधकांनी वेगवेगळ्या याद्या ताडून पाहिल्या, तेव्हा १८३८ ते १८४३ या काळात विकलेल्यांचा आकडा ३१४ निघाला. फलकावर दोन्ही द्यायचे.

४ फेब्रुवारी

पैशाचा माग. हे काम अकरावीतल्या दोघांनी फार मन लावून केलं.

जॉर्जटाउन कॉलेज १७८९ मध्ये सुरू झालं. आधार होता मेरीलँडमधल्या येशूसंघीयांच्या तंबाखूच्या मळ्यांचा: सेंट इनिगोज, न्यूटाउन, व्हाइट मार्श, सेंट थॉमस मॅनर. मळ्यांवर राबणारी माणसं गुलाम होती. १८३०च्या दशकात मळे तोट्यात गेले आणि बांधकामांमुळे कॉलेज कर्जात बुडालं. ठरलेल्या रकमेपैकी २५,००० डॉलर रोख मिळाले आणि उरलेले ९०,००० दहा वर्षांत सव्याज यायचे होते. रोख रकमेतले १७,००० कॉलेजच्या कर्जात वळते झाले.

रोमहून संघाचे सर्वोच्च प्रमुख यान रोटान यांनी विक्रीला परवानगी दिली होती ती अटींवर. कुटुंबं फोडायची नाहीत. नव्या ठिकाणी त्यांना धर्म पाळता आला पाहिजे. आलेला पैसा कर्ज फेडायला किंवा रोजच्या खर्चाला वापरायचा नाही. या अटी पाळल्या गेल्या नाहीत. कुटुंबं फुटली, आणि १७,००० कुठे गेले ते वर लिहिलंच आहे.

मला हे महत्त्वाचं वाटतं. "तेव्हाचा काळच तसा होता" असं कोणी म्हटलं, की हा कागद पुढे करता येतो. त्याच काळात, त्याच संघात, अटी घालणारा माणूस होता. न्यूटाउनचे पीटर हॅव्हरमन्स हे धर्मगुरू तर लोकांना नेताना पाहून हादरले आणि त्यांनी रोमला तसं पत्र लिहिलं. ज्यांनी विकलं त्यांना हे पाप आहे हे सांगणारे त्यांच्याच घरात होते.

आणखी एक. बोभाटा झाल्यावर १८३९ मध्ये मलेडींना पद सोडून रोमला जावं लागलं. पण १८४३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या होली क्रॉस कॉलेजचे पहिले अध्यक्ष तेच झाले, आणि १८४५ ते १८४८ पुन्हा जॉर्जटाउनचे.

१८ फेब्रुवारी

आजचा वर्ग माझ्यासाठी या प्रकल्पातला सगळ्यात मोलाचा.

पहिल्या फलकाचा मजकूर मी लिहून नेला होता. सुरुवात अशी: "१८३८ मध्ये जॉर्जटाउन कॉलेज वाचवण्यासाठी २७२ गुलाम विकले गेले." मुलांनी मराठी सुधारावं म्हणून मी त्यांना वाक्यातला कर्ता, कर्म, क्रियापद ओळखायला सांगितलं. नेहमीचा व्यायाम. कर्म सापडलं, क्रियापद सापडलं. सातवीतून नुकतीच वर आलेली छोटी म्हणाली, "मावशी, कर्ता नाहीच आहे. कोणी विकले?"

मी ते वाक्य परत वाचलं. आठवडाभर मी तेवढ्याच कागदांत बुडालेली होते, नावं तोंडपाठ होती, आणि तरी माझ्या हातून वाक्य असं उतरलं होतं. जणू माणसं आपोआप विकली गेली, जशी पानं गळतात.

फळ्यावर नवं वाक्य लिहिलं: "मेरीलँडच्या येशूसंघीय धर्मगुरूंनी २७२ माणसं विकली आणि त्या पैशातून जॉर्जटाउन कॉलेजचं कर्ज फेडलं." दोनशे बहात्तर 'गुलाम' की 'माणसं', यावर अर्धा तास गेला. एकाचं म्हणणं, गुलाम म्हटलं नाही तर लोकांना कळणार नाही. दुसरीचं म्हणणं, गुलाम ही त्यांची जात नव्हती, कोणीतरी त्यांना तसं केलं होतं. शेवटी ठरलं: पहिल्यांदा 'गुलाम केलेली माणसं', नंतर सगळीकडे 'माणसं', आणि जिथे नाव माहीत आहे तिथे नावच.

नियम ठरला आणि भिंतीवर लागला. प्रत्येक वाक्यात कर्ता पाहिजे.

घरी आल्यावर एक गोष्ट आठवली आणि ती इथेच लिहून ठेवते. आमच्या गावच्या घरी शेतावर कामाला येणारी काही माणसं पडवीच्या बाहेर बसायची आणि त्यांच्या कपबशा गोठ्याच्या कोनाड्यात असायच्या. लहानपणापासून मी ते असं सांगत आले: "ते बाहेर बसायचे." खरं वाक्य असं आहे: माझी आजी आणि माझे आजोबा त्यांना बाहेर बसवायचे.

३ मार्च

पालकांची सभा. दोन पालकांनी विचारलं, यात मराठी काय आहे? आपण इथे पाहुणे, दुसऱ्यांच्या जखमा कशाला उकरायच्या? एक काका म्हणाले, "आपल्या पोरांनी टिळक-आगरकर वाचावेत की हे?"

मला राग आला नाही, पण उत्तर द्यायचं होतं. मी म्हटलं, ही मुलं पाहुणी नाहीत, इथेच जन्मली. मळे आपल्यापासून मोटारीने तास-दीड तासावर आहेत. दोन वर्षांत यातली काही जॉर्जटाउनला अर्ज करतील, आणि मुलाचं नाव तिथे लागलं तर आपण पेढे वाटू. ज्या घराचे पेढे वाटायचे, त्याचा पाया विचारू नये का?

आणि मराठीचं म्हणाल, तर जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' छापली तेव्हा ती अर्पण केली अमेरिकेतल्या त्या माणसांना, ज्यांनी निःस्वार्थपणे गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली. आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा, अशी आशा त्यांनी तिथे लिहिली आहे. पुण्यात बसून एका माणसाने हा धागा दीडशे वर्षांपूर्वी बांधला, आपण तो फक्त धरतोय.

काकांचं समाधान झालं असं नाही. पण मुलाला वर्गातून काढणार नाही म्हणाले.

१७ मार्च

व्याकरणाच्या नियमातून नवी अडचण निघाली, आणि ती मुलांनीच काढली. सगळे फलक वाचल्यावर अकरावीतली एक म्हणाली, "आता प्रत्येक वाक्यात कर्ता आहे, पण दर वेळी तेच आहेत. मलेडींनी केलं, जॉन्सनने घेतलं. ज्यांना विकलं त्यांनी काहीच केलं नाही का?"

मग पुन्हा कागद.

एडवर्ड क्वीन. व्हाइट मार्शच्या मळ्यावरचा. त्याने १७९१ मध्ये धर्मगुरू जॉन अ‍ॅश्टन यांच्यावर स्वातंत्र्यासाठी दावा लावला. आपली आजी स्वतंत्र बाई होती, तेव्हा आपल्याला गुलाम ठेवणं बेकायदा, हे त्याने कोर्टात मांडलं आणि १७९४ मध्ये तो जिंकला. कॉलेज सुरू होऊन तेव्हा पाचच वर्षं झाली होती.

लुईझा महोनी. सेंट इनिगोजच्या मळ्यावरची. न्यायला माणसं आली तेव्हा लुईझा आणि तिची आई रानात लपल्या आणि सुटल्या.

अ‍ॅन मरी बेक्राफ्ट. ही जन्माने स्वतंत्र. जॉर्जटाउनच्याच वस्तीत तिने कृष्णवर्णीय मुलींसाठी शाळा काढली, तेव्हा वय होतं १५, साल १८२०. मुलांच्या तोंडून एकदम आलं, "सावित्रीबाई!" भिडेवाड्याच्या अठ्ठावीस वर्षं आधी. पुढे ती ख्रिस्ती जोगीण (नन) झाली आणि अठ्ठाविसाव्या वर्षाच्या आसपास गेली. तिच्यासाठी अख्खा फलक.

६ एप्रिल, शनिवार

पोर्ट टोबॅकोची सहल. चॅपल पॉइंटला टेकडीवर सेंट इग्नेशियसचं विटांचं चर्च आहे, हाच तो सेंट थॉमस मॅनरचा मळा. चर्चच्या पुढे उतारावर थडगी आणि खाली नदी पोटोमॅकला मिळताना दिसते. इतकी सुंदर जागा, की मुलांनी आधी फोटो काढले आणि मग कुणीतरी आठवण करून दिल्यावर फोन खिशात घातले.

एका मुलाचे आजोबा निपाणीहून आलेत, तेही बरोबर होते. निपाणीचे म्हणजे तंबाखू जन्मापासून पाहिलेली. मुलांनी विचारलं, तंबाखूचं काम कसं असतं? आजोबा चर्चच्या पायरीवर बसून सांगत राहिले: रोप तयार करायचं, लावायचं, शेंडा खुडायचा, बगलफूट काढत राहायची, पानं तोडायची, वाळवायची. वर्षभर वाकलेली पाठ. आणि जमिनीचा कस जातो तो वेगळाच. "जमीन थकली की मालकाला माणसं जड होतात," ते म्हणाले. मी हिशोबाच्या कागदांत जे वाचत होते, ते त्यांनी शेतीवरून ओळखलं.

मग मी जहाजाचं सांगितलं. 'कॅथरिन जॅक्सन' नावाचं जहाज नोव्हेंबर १८३८ मध्ये अलेक्झांड्रियाहून निघालं, त्यात या मळ्यांवरची साधारण १३० माणसं होती, आणि ६ डिसेंबरला ते न्यू ऑर्लीन्सला लागलं. तिथून ऊस आणि कापसाच्या मळ्यांवर. आजोबांनी लगेच विचारलं, "डिसेंबर? म्हणजे ऐन गळिताचा हंगाम." खरंच तसं होतं. लुईझियानात कडक थंडीने ऊस नासायच्या आत तोडावा लागे आणि चरक रात्रंदिवस चालत. जन्मभर तंबाखू केलेली माणसं बोटीतून उतरली ती उसाच्या हंगामात. आजोबा म्हणाले, "कोयता हातात बसायला दोन हंगाम लागतात. तोवर हात कापत राहतात."

हे वाक्य फलकावर घ्यायचं. त्यांची परवानगी घेतली.

१४ एप्रिल

शाळेत सकाळी भीमजयंती. त्यानंतर आमचा वर्ग. आज कॉलेजने पुढे काय केलं त्याचे फलक.

२०१५ मध्ये जुनी इमारत दुरुस्त होऊन विद्यार्थ्यांचं वसतिगृह म्हणून उघडली आणि तिचं नाव होतं मलेडी हॉल. विद्यापीठाने सप्टेंबरमध्ये एक अभ्यासगट नेमला होता. नोव्हेंबरमध्ये विद्यार्थी अध्यक्षांच्या कार्यालयाबाहेर ठाण मांडून बसले आणि मलेडी आणि शेजारच्या इमारतीवरचं मॅकशेरी (तेही जॉर्जटाउनचे अध्यक्ष होते) ही दोन्ही नावं उतरली. तात्पुरती नावं दिली: 'स्वातंत्र्य भवन' आणि 'स्मरण भवन'. मुलं हसली नाहीत, पण छोटी चटकन म्हणाली, "परत कर्ता गेला." कोणाचं स्वातंत्र्य, कशाचं स्मरण? १८ एप्रिल २०१७ रोजी त्या इमारतींना आयझॅक हॉकिन्स आणि अ‍ॅन मरी बेक्राफ्ट ही नावं दिली. आयझॅक, कारण करारातलं पहिलं नाव त्याचं.

त्याच दिवशी प्रार्थनासभेत येशूसंघाचे टिमथी केसिकी यांनी वंशजांसमोर उभं राहून कबूल केलं, की आमच्या संघाच्या पुढाऱ्यांनी तुमच्या पूर्वजांना गुलाम ठेवलं, निर्दयपणे विकलं, आम्ही घोर पाप केलं. या कबुलीत कर्ता आहे. म्हणून ती फलकावर मोठ्या अक्षरात.

अभ्यासगटाच्या २०१६च्या अहवालानंतर वंशजांना प्रवेशात झुकतं माप मिळू लागलं, माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळतं तसं. पण वंशजांपैकी बरेच राहतात लुईझियानातल्या मॅरिंग्विन या छोट्या गावात. तिथल्या मुलाला जॉर्जटाउनपर्यंत पोचायला आधी चांगली शाळा लागते. नुसतं दार उघडून रस्ता होत नाही.

एप्रिल २०१९. विद्यार्थ्यांनी आपसांत मतदान घेतलं: प्रत्येकाने दर सत्राला २७ डॉलर २० सेंट द्यायचे, वंशजांच्या गावांसाठी. २,५४१ बाजूने, १,३०४ विरुद्ध. विद्यापीठाने ही फी लावली नाही. त्याऐवजी वर्षाला चार लाख डॉलर देणग्यांतून उभे करू म्हणाले. आमच्या वर्गात यावर दोन तट पडले. एकाचं म्हणणं, पैसा आला ना, कुठून का येईना. दुसऱ्याचं म्हणणं, देणगी दिली की दाता मोठा होतो, फी भरली की आपण देणं लागतो हे मान्य होतं. मी दुसऱ्याच्या बाजूची आहे आणि हे मी मुलांना सांगितलं.

२०२१ मध्ये येशूसंघीयांनी वंशजांबरोबर स्थापलेल्या न्यासाला दहा कोटी डॉलर द्यायचं वचन दिलं. २०२३ मध्ये त्यांच्याकडून १.७ कोटी आणि विद्यापीठाकडून एक कोटी आले. वचन आणि जमा, असे दोन वेगळे रकाने करायचे.

१६ एप्रिल, मंगळवार

वॉशिंग्टनमध्ये आज सुट्टी, मुक्तीदिन. १८६२ मध्ये याच दिवशी शहरातले ३,१०० च्या आसपास लोक कायद्याने मुक्त झाले. त्या कायद्यात भरपाई होती, माणशी ३०० डॉलरपर्यंत. मिळाली मालकांना. सुटलेल्यांसाठी पैसे ठेवले होते ते फक्त देश सोडून जायला तयार असतील तर, तेही १०० डॉलरपर्यंत.

भरपाईची चर्चा नवी आहे असं जे म्हणतात त्यांच्यासाठी हा फलक. आज रात्रीच लिहून टाकला.

५ मे

पॅट्रिक हीलींवरून वाद. विद्यापीठाची सगळ्यात उंच, मनोऱ्याची इमारत त्यांच्या नावाची. १८७४ ते १८८२ अध्यक्ष. जन्म जॉर्जियात, वडील आयरिश मळेवाले, आई एलायझा ही त्यांची गुलाम, म्हणून कायद्याने मुलंही गुलाम. हीली आयुष्यभर गोरे म्हणून वावरले. त्यांच्या अध्यक्षपदाच्या काळातच काय, पुढे जवळजवळ सत्तर वर्षं पदवीच्या वर्गात कृष्णवर्णीय विद्यार्थी नव्हता. पहिला आला तो १९५०च्या दशकाच्या तोंडावर.

काही मुलांना ते ढोंगी वाटले. एकीने विचारलं, "खरं सांगितलं असतं तर त्यांना शिकू दिलं असतं का?" मुंबईत आडनाव बदलून खोली भाड्याने घेणाऱ्या माणसांची गोष्ट मी सांगितली. निकाल न देता फलक लिहायचा ठरला: त्यांनी काय लपवलं, आणि कोणापासून लपवावं लागलं.

१९ मे

छपाईला दिलं. फ्रँक कॅम्पबेलचं म्हातारपणीचं छायाचित्र शेवटच्या फलकावर. १८३८ मध्ये विकलं तेव्हा तो तरुण होता. त्याचा फोटो लुईझियानातल्या एका विद्यापीठाच्या संग्रहात सापडला आणि २०१७ मध्ये लोकांसमोर आला. पांढरी दाढी, सरळ नजर.

९ जून

प्रदर्शन झालं. लोक भरपूर आले. सुरुवातीला मुलांनी २७२ नावं वाचली, देवनागरीत लिहून घेतलेली, नऊ जणांनी आळीपाळीने. एकोणीस मिनिटं लागली. तालमीत ही फार लांब वाटतात म्हणून मी निम्मी गाळू म्हटलं होतं. मुलांनी ऐकलं नाही, बरं झालं. मध्ये एक आजी उठून उभ्या राहिल्या आणि मग हळूहळू सगळेच.

सभेत विरोध करणारे काका भरपाईच्या फलकासमोर बराच वेळ उभे होते. जाताना म्हणाले, "रकाने बरोबर केलेत." ते हिशेब तपासनीस आहेत.

एक चूक सापडली: सातव्या फलकावर 'लुईझियानाला पाठवले गेले' राहून गेलंय. छोटीनेच दाखवली. पेनने खोडून वर लिहिलं, तसंच ठेवलं.

१९ जून, बुधवार

आज देशभर सुट्टी, जूनटीन्थ, म्हणजे गुलामगिरी संपल्याचा स्मरणदिन. करारावरची तारीखही हीच, एकशे शहाऐंशी वर्षांपूर्वीची.

फलक सध्या माझ्या गॅरेजमध्ये. दोन गावांच्या मराठी मंडळांनी मागितलेत, ऑगस्टपर्यंत पाठवायचे. सातवा पुन्हा छापायचा. निपाणीचे आजोबा परवा परत गेले; जाताना त्यांनी नावांची यादी छापून मागितली. कशाला, असं मी विचारलं नाही. नातू म्हणाला, विमानात सगळी वाचली, बोट ठेवून.